गराजमधल्या सपाता

लिन ‘येस’ म्हणाला. बाकी तसं काहीच झालं नाही. कोणी ओरडलं नाही, कोणी पडलं नाही, दुकानात कुठलं तरी भजन लागलं होतं ते लागलेलंच राहिलं. न्यू जर्सीतल्या पार्सिपनीच्या त्या इंडियन ग्रोसरीत, डाळींच्या रांगेत, आमच्या मंडळातली अहिल्या अचानक समोर उभी राहिली. आम्ही दोघं मंगळवारी सकाळी जायचो ते एवढ्याचसाठी, की आपली माणसं सगळी शनिवार-रविवारी येतात. पण त्या शनिवार-रविवारी मेलं बर्फ पडलं, सगळ्यांची खरेदी खोळंबली, आणि ही बया मंगळवारी उगवली. तिनं माझ्याकडे पाहिलं, माझ्या सामानाच्या गाडीकडे पाहिलं, गाडी ढकलणाऱ्या लिनकडे पाहिलं आणि अगदी गोड आवाजात त्याला विचारलं, “यू आर चायनीज?” तो तोंड उघडायच्या आत मीच म्हटलं, “हो हो, चायनीज. आमचे शेजारी. मला सामान उचलायला मदत करतात.” लिननं एकदाच माझ्याकडे पाहिलं. हातातली मेथीची जुडी गाडीत ठेवली आणि अहिल्याला म्हणाला, “येस. आय हेल्प विथ बॅग्ज.” मग तो पलीकडच्या रांगेत गेला आणि तिथं लोणच्याच्या बाटल्या वाचत उभा राहिला. अहिल्या तिच्या नवऱ्याच्या, अरुणच्या, गुडघ्याबद्दल बोलत होती. मी हं हं करत होते. तुरीची डाळ घ्यायची ती मी मुगाची घेतली.

हा लिन कोण ते सांगायला हवं, नाहीतर त्या ‘येस’चं एवढं काय, असं कोणालाही वाटेल. त्याचं घर माझ्या परसाला लागून. औषधांच्या कंपनीत केमिस्ट होता, माझ्यासारखाच रिटायर झालेला. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. गाव ताइनान, म्हणजे तैवानच्या दक्षिणेला. माझे मिस्टर, मनोहर, गेले त्याच्या पुढच्या हिवाळ्यात एका सकाळी खरखर ऐकू आली म्हणून मी दार उघडलं, तर हा गृहस्थ न सांगता माझ्या ड्राइव्हवेवरचं बर्फ काढत होता. थँक यू म्हटलं आणि काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, “चायनाचे का तुम्ही?” झालं! त्यानं फावडं बर्फात रोवलं, त्यावर दोन्ही हात ठेवले आणि मला तिथंच उभं करून अख्खा इतिहास सांगितला. जपान्यांपासून सुरुवात. मी मनोहरांचं जाकीट पांघरून उभी, कान गोठलेले, आणि मनात म्हणत होते, काय हा माणूस, एका शब्दासाठी बाईला थंडीत उभी करतो! पुढे कळलं की तो सगळीकडे हेच करतो. बँकेत, न्हाव्याकडे. एकदा तर दाताच्या डॉक्टरकडे, तोंडात कापूस असताना, त्यानं हात वर करून डॉक्टरला थांबवलं होतं म्हणे. चायनीज नाही, तैवानी. तीसपस्तीस वर्षं या देशात राहून त्यानं तो शब्द एकदाही स्वतःवर बसू दिला नव्हता. आणि त्या मंगळवारी त्यानं तो घेतला, मुकाट्यानं, मी घाईत पुढे केला म्हणून.

घरी येताना गाडी तो चालवत होता. रस्त्याच्या कडेला बर्फाचे ढीग, वरून काळे पडलेले. मी म्हटलं, “अहिल्या फार बोलते.” तो म्हणाला, “चांगली बाई आहे.” एवढंच. आमचं बोलणं इंग्रजीतच. त्याचं इंग्रजी त्याच्या गावचं, माझं मिरजेचं. इंग्रजीत ‘तू’ आणि ‘तुम्ही’ एकच, हे एक बरं असतं, ठरवावं लागत नाही. पण मनातल्या मनात मी त्याला कधी ‘तू’ म्हणायला लागले ते माझं मलाच कळलं नाही. मनोहरांना जन्मभर ‘अहो’ म्हटलं. वाईट नव्हतं ते, चांगला संसार झाला, मुलगा मार्गी लागला, उगाच कशाला खोटं बोलू? पण ‘तू’ म्हणण्यात एक वेगळी हवा असते. साठी उलटल्यावर ती अंगाला लागली तर माणूस जरा बिचकतोच. काही ठरवून झालेलं नव्हतं. आधी बर्फ, मग त्याच्या परसातले मुळे, मग माझी आमटी, मग संध्याकाळच्या बातम्या दोघांनी माझ्या सोफ्यावर बसून बघायच्या. एकदा बातम्या बघता बघता त्यानं माझा हात हातात घेतला आणि जाहिराती संपल्या तरी सोडला नाही. मीही काढून घेतला नाही. इश्श वाटायचं वय नव्हतं, तरी वाटलं.

आणि मग हळूहळू नियम झाले. कोणी केले म्हणाल तर मीच केले, त्यानं फक्त पाळले. तो मागच्या डेकवरून यायचा, पुढच्या दारानं कधी नाही, कारण पुढे रस्ता, आणि रस्त्यावर आपली चार घरं. त्याच्या घरात घालायच्या सपाता गराजमध्ये, बर्फाच्या फावड्यामागे. दाराजवळच्या रॅकमध्ये पुरुषाच्या सपाता दिसल्या तर येणारा-जाणारा विचारणार. परीक्षित, माझा मुलगा, तिकडे दक्षिणेतल्या कॅरीहून यायचा असला की त्या सपाता दोन दिवस आधीच लिनच्या घरी परत जायच्या. आणि फोन. फोनवर तो आधी विचारायचा, “एनीबडी देअर?” कोणी असलं तर मी ‘येस’ म्हणायची, आणि लगेच तो शेजाऱ्यासारखा बोलायला लागायचा. कचऱ्याचे डबे उद्या बाहेर ठेवायचे आहेत, रिसायकलिंग या आठवड्यात नाही, असलं काहीतरी. मी म्हणायची, बरं झालं सांगितलंत. परीक्षित एकदा म्हणाला होता, “आई, तुझे नेबर किती केअरिंग आहेत यार.” मला हसू आलं होतं. तेव्हा ती गंमत वाटायची. खरंच वाटायची. दोघांचं मिळून एक गुपित आहे, असं वाटायचं. ते गुपित माझं एकटीचं होतं आणि तो त्याचा भार उचलत होता, हे कोण लक्षात घेतंय!

त्याच मंगळवारी संध्याकाळी तो नेहमीसारखा आला. मी मुगाचीच आमटी केली. बातम्या लावल्या तर वॉशिंग्टनला चीनचे पंतप्रधान आलेले, शेजारी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष बसलेले, मागे शेकोटी. आणि राष्ट्राध्यक्ष सांगत होते की चीननं किंवा तैवाननं एकतर्फी काही बदललेलं आम्हाला चालणार नाही, आहे ते तसंच राहिलं पाहिजे, आणि तैवानच्या नेत्याचं वागणं-बोलणं बघता ते बदलायला निघालेत असं दिसतं, त्याला आमचा विरोध आहे. तैवानात मार्चमध्ये निवडणूक होती आणि तिच्याबरोबर लोकांचा कौल घ्यायचं चाललं होतं, चीननं रोखलेल्या क्षेपणास्त्रांबद्दल. एवढ्यावरून हे. पाहुण्यासमोर घरच्याला दटावावं तसं. लिननं वाटी खाली ठेवली. मला वाटलं आता हा उसळणार, फावडं रोवणार. पण तो शांतपणे म्हणाला, “आम्हाला शस्त्रं विकतात. आमच्या पोरांना व्हिसा देतात. तैपेईला यांचं ऑफिस आहे, सगळं काम वकिलातीचंच, फक्त वकिलात म्हणायचं नाही. माणसं यांच्या सरकारचीच, पण तिथं काम करताना कागदावर सरकारी नोकरी सोडलेली दाखवायची. खूप वर्षं तसंच चाललं. मैत्री आहे. कोणी नाही म्हणत नाही, मैत्री आहे.” आणि मग म्हणाला, “फक्त चारचौघांत नाही.”

त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं, मी काहीतरी बोलले असते, भांडले तरी असते. तो टीव्हीकडेच बघत होता आणि टीव्हीवर एव्हाना बर्फामुळे बंद पडलेला विमानतळ दाखवत होते. मी म्हटलं, “आमटी गार होतेय.” किती मूर्ख वाक्य! तो जेवला, वाटी धुवून ठेवली, गराजमधून गेला. फावडं सरकल्याचा आवाज आला. मग डेकचा दिवा विझला.

त्या रात्री अंथरुणात पडल्या पडल्या मी त्याच्याच गोष्टी आठवत राहिले. आईची गोष्ट विशेष. तो शिकायला ओहायोला आला होता, तिथं तैवानी मुलांच्या एका निदर्शनात बोर्ड धरून उभा राहिला. तेव्हा त्यांच्याकडे लष्करी कायदा. त्यांच्याच सरकारनं त्याचं नाव काळ्या यादीत घातलं, पासपोर्टचं नूतनीकरण नाही, परत यायला बंदी. आणि मग अठ्ठ्याहत्तरच्या डिसेंबरात अमेरिकेनं जाहीर केलं की आता आम्ही बीजिंगला मान्यता देणार, तैपेईची मान्यता संपली. तो म्हणाला होता, “म्हणजे माझ्या देशाला मी नको होतो, आणि या देशाला माझा देश नको होता.” पुढच्या वर्षी आई गेली. त्यानं गॅस स्टेशनवरच्या फोनवरून घरच्यांचं रडणं ऐकलं फक्त. मी तेव्हा कुठं होते? जर्सी सिटीच्या अपार्टमेंटमध्ये. परीक्षित लहान होता, मनोहरांची हॉस्पिटलातली रेसिडेन्सी चालू होती. त्या डिसेंबरात टीव्हीवर ही बातमी नक्की लागली असणार आणि मी बहुधा मोठ्यानं म्हटलं असणार, अहो, आवाज कमी करा, पोरगं झोपलंय. त्याला ब्याण्णवपर्यंत गावी जाता आलं नाही. ताइनानला गेला तेव्हा आईच्या घराजागी मोटारसायकलींचं दुकान होतं. हे सगळं मला माहीत होतं. त्यानं मला सांगितलं होतं, दुसऱ्या कोणालाच नाही. आणि एका अहिल्यासमोर माझी जीभ कशी फिरली ते बघा. बरं, अहिल्या काय वाघ होती? पण मला ती एकटी दिसलीच नाही. तिच्यामागे अख्खं महाराष्ट्र मंडळ दिसलं, गणपतीतली हळदीकुंकवाची रांग दिसली, मनोहरांच्या फोटोला हार घालणारे सगळे हात दिसले. एकटी बाई मी, या लोकांशिवाय मला आहे कोण, हे गणित मी रोज करत होते. लिन त्या गणितात मी धरलाच नव्हता. तो तर होताच ना, मागच्या दारानं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुढच्या दाराची बेल वाजली. मी दचकलेच. लिन उभा होता, कोट घालून, हातात संत्र्यांची पिशवी. म्हणाला, “आत येऊ का?” बूट दाराशी काढले, नुसत्या मोज्यांनी आत आला, सोफ्याच्या कडेला बसला. रागावलेला नव्हता. तीच तर पंचाईत! रागावलेल्या माणसाची समजूत काढता येते. हा हसून बोलत होता, संत्री फ्लोरिडाची आहेत म्हणाला, उद्या पारा आणखी उतरणार आहे म्हणाला. बातम्या संपायच्या आत उठला. तो गेल्यावर मी गराजमध्ये जाऊन फावड्यामागे पाहिलं. सपाता नव्हत्या. मग तेच चालू झालं. बेल वाजायची, कोट, बूट, सोफ्याची कडा. मी दिलेला चहा प्यायचा, थँक यू म्हणायचा. शेजारी असतो तसा शेजारी. मंगळवारी मला विचारायचा, काही सामान आणायचंय का, मी जातोच आहे. बरोबर चल म्हणायचा नाही. आणि मी, कप्पाळ माझं, मी मनातून जरा सुटल्यासारखीही झाले होते. समोरच्या मोहनरावांनी त्याला दारात पाहिलं तेव्हा मी ताठ मानेनं हात हलवला. शेजारीच तर आले होते, लपवायला होतं काय? मग रात्री जेवायला बसले की समोरची खुर्ची अंगावर यायची.

जानेवारीत त्यानं सांगितलं की तो मत द्यायला जाणार. त्यांच्यात इथून मत पाठवता येत नाही, तिथं जाऊनच द्यावं लागतं. म्हणून दर निवडणुकीला त्यांची म्हातारी-कोतारी विमानं भरभरून जातात. “फेब्रुवारीतच जातो,” तो म्हणाला, “बहिणीकडे राहीन. ती एकटीच असते, मुलगा-सून आहेत, पण दिवसभर कामाला.” मी म्हटलं, “परत कधी?” तो म्हणाला, “रिटर्न ओपन ठेवलंय.” मी म्हटलं, “एका मतानं काय होणार आहे?” मला म्हणायचं होतं, जाऊ नकोस. हे असं का होतं, तोंडात एक असतं आणि बाहेर दुसरंच पडतं? तो हसला. “काही नाही होणार. पण तिथं मला कोणी विचारत नाही, तू कुठला म्हणून. नाव पुकारतात आणि कागद हातात देतात.” मी म्हटलं, “एअरपोर्टला मी सोडते.” तो म्हणाला, “नको, शटल सांगितलीय. तुला कशाला त्रास.” मला त्या वाक्याचं इतकं लागलं! आमच्यात तो शब्द कधी नव्हताच. शटल आली तेव्हा मी वरच्या खिडकीत पडद्याआड उभी होते. त्यानं वर पाहिलं नाही. ड्रायव्हरनं बॅग मागे टाकली आणि ते गेले.

झाडांना पाणी घालायला किल्ली मात्र ठेवून गेला होता. मी तिसऱ्या-चौथ्या दिवशी जायची, परसातून, सवयीनं. त्याच्या घरात आल्याचा आणि जुन्या पुस्तकांचा वास. एकदा पुढचं दार नीट लागलंय ना बघायला गेले, तर दाराशी लाकडी फळीवर सपातांचे दोन जोड होते. एक त्याचा, माझ्या गराजमधून गेलेला. दुसरा माझा. निळा, वर शिवलेलं फूल. त्यानं केव्हाचाच आणून दिला होता तो. त्याच्याकडे गेले की मी तो घालायची, आणि मी निघाले की लिन तो परत जागेवर नेऊन ठेवायचा. ती जागा ही, ते मी कधी बघायलाच गेले नव्हते. पुढच्या दाराशी, काचेतून रस्त्यावरून दिसेल अशी. त्याच्याकडे पोस्टमन येत होता, त्याचे तैवानी मित्र येत होते, कॅलिफोर्नियाहून मुलगी येऊन गेली होती. सगळ्यांना तो निळा जोड दिसत होता आणि त्यानं तो कधीच उचलून ठेवला नव्हता. मी तिथंच जमिनीवर बसले. पाण्याचा झारा हातात तसाच. खूप रडले. अगदी मोठ्यानं, ऐकायला कोणी नव्हतं म्हणून.

फेब्रुवारीच्या शेवटी त्याचा फोन आला. “एनीबडी देअर?” मी म्हटलं, “कोणी नाही.” तो खूश होता. अख्ख्या बेटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लोकांनी हात धरून साखळी केली होती, चीनच्या क्षेपणास्त्रांकडे तोंड करून. “एका बाजूला शाळेत जेवण करणारी बाई होती,” तो म्हणाला, “दुसऱ्या बाजूला एक कोळी. हाताला माशांचा वास. पण काय घट्ट धरला होता हात! कोणी लाजलं नाही.” त्याला मला टोचायचं नव्हतं, देवाशपथ नव्हतं. तो आनंदात होता आणि आनंदात माणूस बोलून जातो. मी म्हटलं, झाडं छान आहेत. त्यानं ताइनानचा नंबर दिला, लागला तर असू दे म्हणाला. तो मी लिहून घेतला नाही, पाठ केला. रोज भांडी घासताना म्हणायची. एकदाही फिरवला नाही. त्याच्या बहिणीनं उचलला तर मी कोण म्हणून सांगू?

मार्चमध्ये परीक्षितच्या नव्या घराची वास्तुशांत होती, कॅरीला, पाडव्याच्या मुहूर्तावर. अहिल्या-अरुण जाणारच होते, त्यांच्याच गाडीतून मी गेले. मागच्या सीटवर मी, शेजारी चिरोट्यांच्या पिठाचा डबा. अहिल्या न्यू जर्सीपासून बोलत होती ती व्हर्जिनिया आलं तरी बोलत होती. मला तिचा राग येत होता, आणि राग तरी कसला, तिनं बिचारीनं एक प्रश्न विचारला होता. शुक्रवारी सकाळी शिवांगीच्या नव्या किचनमध्ये सगळ्या जमल्या होत्या. अहिल्या कढईशी, शिवांगी, माझी सून, चिरोट्यांच्या लाट्या करत होती. माझी नात अनया टेबलाखालून “आजी, आय वॉन्ट द फ्लॉवर वन” म्हणत होती. आणि टीव्ही आपला चालू होता, कोणी बघत नव्हतं. तैवान हा शब्द ऐकला म्हणून मी वळले. उघडी जीप, फटाक्यांचा धूर, लोक, आणि खाली अक्षरं: तैवानच्या अध्यक्षांवर गोळीबार. गाव ताइनान. प्रचाराची मिरवणूक आमच्याच रस्त्यानं जाणार आहे, मी बघायला उभा राहणार आहे, असं तो मागच्या फोनवर म्हणाला होता. अध्यक्ष बचावले असं सांगत होते, पण रस्त्याच्या कडेच्या लोकांबद्दल कोणी काही सांगत नव्हतं. जगातल्या कुठल्या बातमीत कडेला उभं असलेल्यांचं सांगतात?

माझे हात पिठाचे होते. त्याच हातांनी मी पर्समधून कॉलिंग कार्ड काढलं, किचनच्या भिंतीवरचा फोन घेतला आणि तो पाठ केलेला नंबर पहिल्यांदा फिरवला. दोनदा लागला नाही. अहिल्या म्हणाली, “अगं, इंडियाला आत्ता कोणाला लावतेयस?” मी पुन्हा नंबर फिरवला. तिसऱ्यांदा वाजला. एका मुलीचा आवाज, मोडक्या इंग्रजीत. बहिणीची सून असणार. मी म्हटलं, “अमेरिकेतून बोलतेय. मिस्टर लिन आहेत का? बरे आहेत ना?” ती एकदम ओळखून, अगदी प्रेमानं ओरडली, “आ! नेबर! अंकलची अमेरिकन नेबर!” आणि फोन ठेवून त्याला बोलवायला गेली. नेबर. मीच दिलेला शब्द. त्यानं तो जपून, जसाच्या तसा, समुद्रापलीकडे नेला होता आणि स्वतःच्या माणसांतही तोच सांगितला होता, मला अडचण नको म्हणून. पावलं वाजली. सपातांचाच आवाज तो, फरशीवर घासत येणारा.

“एनीबडी देअर?” लिननं विचारलं.

“सगळे आहेत,” मी म्हटलं.

तो लगेच शेजाऱ्याच्या आवाजात सुरू झाला. “बरं, ते डबे. सोमवारी रात्रीच बाहेर ठेव, आणि रिसायकलिंगचं...”

“डबे गेले खड्ड्यात!” मी ओरडले, इंग्रजीत, अख्ख्या किचनला कळेल असं. “तू जिवंत आहेस ना? मी इथं मेले घाबरून. लागलं नाही ना तुला कुठं? कधी येतोस घरी?”

शिवांगीचं लाटणं थांबलं. परीक्षित ज्यूसचा ग्लास हातात धरून दारात उभा होता. तिकडून लिनचा श्वास ऐकू येत होता. मग तो बोलला, हळू, आणि त्याच्या आवाजात राग नव्हता, हट्ट नव्हता, नुसता एक निवांतपणा होता. “मी ठीक आहे, सुहासिनी. दोन चौक पलीकडे झालं ते. उद्या लवकर उठायचंय, मतदान आहे.” आणि मग म्हणाला, “येण्याचं अजून काही ठरवलं नाही. इथं मला सगळे ओळखतात. बाजारातली मासेवालीसुद्धा हाक मारते. आईला ओळखायची ती.” मी म्हटलं, “लिन, मी सगळ्यांसमोर बोलतेय.” तो म्हणाला, “कळलं मला. थँक यू.” तो खरंच मनापासून म्हणाला, तरी ते थँक यूच होतं. मग त्याला तिकडून कोणीतरी हाक मारली, त्यांच्या भाषेत, त्याच्या नावानं, आणि तो म्हणाला, जातो.

मी फोन जागेवर लावला. रिसीव्हरला पीठ लागलं होतं ते पदरानं पुसलं. शेवटी अहिल्याच म्हणाली, “कोण गं? ते तुझे शेजारी, चिनी?”

“चिनी नाही तो. तैवानचा आहे,” मी म्हटलं. “आणि शेजारी नाही. माझा माणूस आहे.”

अहिल्या नाक ओढून म्हणाली, “मग तेव्हाच सांगायचंस ना, बाई. दोघांना जेवायला बोलावलं असतं.” आणि कढईतला चिरोटा जळायला आला होता, तो तिनं उलटला.